अलास्काची सुगी

शनिवार : व्हँकूवर

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्हँकूवरच्या कॅनडा प्लेसवरून आमचं जहाज सुटलं. मी, नवरा आणि माझे बाबा. जहाजावर पोहण्याचे तलाव किती, रात्री नाटक कुठलं, बुफेत काय काय, हे मी लिहिणार नाही. मोठ्या क्रूझवर हे सगळं थोड्याफार फरकानं सारखंच असतं. अलास्काला जायचं ते डेकच्या कठड्याशी उभं राहायला.

कागदपत्रांचं मात्र आधीच सांगते. भारतीय पासपोर्टवर जाणार असाल तर अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसा लागतात. व्हँकूवरहून निघून परत व्हँकूवरलाच येणारी फेरी असेल तर कॅनडात पुन्हा शिरावं लागतं, तेव्हा तो व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे बघून घ्या. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी जहाजात चढण्याआधी कॅनडा प्लेसलाच होते. एकाच दिवशी अनेक जहाजं असली की रांग लांबते, म्हणून जेवून-खाऊन निवांत लवकर पोचावं.

लायन्स गेट पुलाखालून जाताना जहाजाचं धुराडं पुलाला घासणार असं वाटतं आणि सगळे वर माना करून उभे राहतात. पूल मागे पडला तशी गर्दी आत जेवायला गेली. आम्ही बाहेरच थांबलो.

रविवार : समुद्रात

या वाटेला ‘इनसाइड पॅसेज’ म्हणतात. किनारा आणि हजारो बेटं यांच्यामधून जाणारं हे पाणी बहुतेक ठिकाणी तळ्यासारखं शांत असतं. अपवाद क्वीन शार्लट साउंडचा. तिथे बेटांची आडोशाची भिंत संपते आणि पॅसिफिकची लांब लाट थेट आत येते. सकाळी जागी झाले तेव्हा कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्यावी. लागायला सुरुवात झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो.

नाश्त्याच्या टेबलावर कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतातलं एक वयस्क शेतकरी जोडपं भेटलं. ते मसूर पिकवतात. कॅनडाची बहुतेक मसूर याच प्रांतातून येते आणि त्यातली पुष्कळशी भारतात जाते. बाबांनीही जन्मभर शेती केलेली. झालं! इंग्रजी बाबांना बेताचंच येतं, पण पाऊस, भाव आणि पेरणीच्या तारखा यांना भाषा किती लागणार? मध्ये मी आणि नवरा दुभाषी. त्यांचं पीक आणखी दोन-तीन आठवड्यांत काढणीला येणार होतं. मळणी सुरू झाली की रात्रीचाही दिवस करावा लागतो, म्हणून त्याआधीच ही सुट्टी उरकून घेतोय, असं ते आजोबा म्हणाले. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “सुगीच्या आधीची सवड. आपल्याकडेही असंच असतं.”

दुपारी धुकं विरलं आणि जहाजाच्या नाकासमोर काळ्या-पांढऱ्या, आखूड बांध्याच्या डॉल्स पॉरपॉइजचा कळप आला. डॉल्फिनसारखे ते हवेत उड्या मारत नाहीत. पाठ जेमतेम वर येते, पण वेग एवढा की डोक्यामागे पाण्याचा पांढरा पिसारा उडतो. आधी फक्त तो पिसाराच दिसतो. सस्कॅचवनच्या आजींनी तो माझ्याआधी टिपला आणि माझ्या दंडाला धरून मला वळवलं. तेव्हापासून आमचं पाच जणांचं पथकच झालं.

रात्री घड्याळं एक तास मागे गेली. मोबाइल कधी कॅनडाची वेळ धरतो, कधी अलास्काची. बंदरावर उतरताना जहाजाची वेळ लावलेलं मनगटी घड्याळ जवळ ठेवा. जहाज उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही.

सोमवार : जूनो

जूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगातून तिथे रस्त्यानं जाता येत नाही. मागे बर्फाचं पठार, पुढे समुद्र. यायचं तर विमानानं किंवा बोटीनं.

देवमासे बघायच्या बोटी ऑक बे नावाच्या धक्क्यावरून सुटतात. शक्य असेल तर लहान बोट निवडा. कठड्याशी सगळ्यांना जागा मिळते आणि डोळे पाण्याच्या पातळीजवळ राहतात. आमच्या बोटीची कॅप्टन जेमतेम तिशीची मुलगी होती. तिनं पहिलीच सूचना दिली, “देवमाशाला शोधू नका, पक्षी शोधा.” कुरवांचा थवा पाण्यावर गोल फिरत ओरडतोय म्हणजे खाली हेरिंग मासे आहेत, आणि हेरिंग आहेत तिथे हंपबॅक जातीचे देवमासे आहेत.

अर्ध्या तासानं असा थवा दिसला. कायद्यानं हंपबॅकपासून निदान १०० यार्ड दूर राहावं लागतं. तेवढं अंतर ठेवून तिनं इंजिन बंद केलं आणि पाण्यात माइक सोडला. स्पीकरमधून एक लांब, चढत जाणारी हाक ऐकू आली. एकदा, मग पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. पाण्यावर बुडबुड्यांचं भलं मोठं वर्तुळ हळूहळू पुरं होत होतं. खाली एक हंपबॅक गोल पोहत श्वास सोडत असतो. बुडबुड्यांच्या भिंतीत हेरिंग कोंडले जातात, आणि हाकेनं बिचकून ते आणखी दाटीनं गोळा होतात. हाक थांबली. दुसऱ्याच क्षणी वर्तुळाच्या मधोमध सात-आठ जबडे एकदम वर आले. गळ्याखालच्या पन्हाळी ताणून फुग्यासारख्या झालेल्या, कडेनं पाणी आणि मासे सांडत होते, आणि त्या उघड्या जबड्यांच्या काठावरून कुरव मासे उचलत होते. वास आमच्यापर्यंत आला, कुबट, माशाच्या बाजारासारखा. बोटीवर कोणी ओरडत होतं, कोणी चक्क रडत होतं.

मग देवमासे शांतपणे ओळीनं श्वास घेत राहिले आणि कॅप्टननं बाकीचं सांगितलं. हे हिवाळ्यात हवाईला जातात, सुमारे ४,५०० किलोमीटर. तिथे वीण होते, पिल्लं होतात, पण खायला जवळजवळ काही नसतं. अख्खा हिवाळा अंगातल्या चरबीवर काढायचा. म्हणून इथे आले की खाणं, खाणं आणि खाणं. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि तिला त्यातले दोन पाठच होते. दरवर्षी त्यांची वाट बघते, म्हणाली.

परत येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपण सुट्टीला आलोय. यांची सुगी चाललीय.”

दुपारी मेंडनहॉल हिमनदी पाहिली. १९६२ साली तिथे पर्यटक केंद्र बांधलं, तेव्हाचे फोटो आत लावलेत. त्या फोटोंतलं बर्फाचं टोक आणि खिडकीतून आज दिसणारं, यांची तुलना करून वाईट वाटतं. पण तिथून पाय निघत नव्हता तो शेजारच्या स्टीप क्रीक ओढ्यामुळे. उंचावर बांधलेल्या लाकडी वाटेवरून खाली पाहिलं तर पाण्यात लालभडक सॉकाय सॅमन, आणि एक काळी अस्वलीण कमरेएवढ्या पाण्यात उभी. तिनं मासा धरला, काठावर आणला, पंजाखाली दाबून आधी डोकं आणि अंडी खाल्ली आणि उरलेला तसाच टाकून पुन्हा पाण्यात शिरली. मासे मुबलक असले की अस्वलं सगळ्यात चरबीचा भाग तेवढा खातात. उरलेलं कावळे-गरुडांना, त्यातूनही उरलेलं मातीला. त्या ओढ्याकाठच्या झाडांमध्ये समुद्रातला नायट्रोजन सापडतो तो असा.

केंद्रापर्यंत गावातून बस जाते. आधी देवमासे आणि मग हिमनदी असा क्रम ठेवलात तर वेळ पुरतो.

मंगळवार : स्कॅग्वे

लिन कॅनॉल नावाच्या लांबलचक, अतिशय खोल खाडीच्या टोकाला हे छोटंसं गाव आहे. इथे वारा फार. टोप्या उडतात.

१८९६ साली डोंगरापलीकडे, कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं या धक्क्यावर उतरली. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी नियम केला, की वर्षभराची शिधासामग्री सोबत असल्याशिवाय हद्दीत घेणार नाही. तो सगळा बोजा मिळून साधारण टनभर व्हायचा. पलीकडे पीक नाही, दुकान नाही, माणसं उपाशी मरतील, हे पोलिसांना दिसत होतं. म्हणून एकेक पोतं पाठीवर टाकून डोंगर चढायचा, ठेवायचं, परत खाली यायचं. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे उपासमारीनं, कडेलोटानं आणि अतिश्रमानं मेले. त्या जागेचं नाव आजही ‘डेड हॉर्स गल्च’ आहे.

याच घाटातून १८९८ ते १९०० या काळात बांधलेली नॅरोगेज रेल्वे आज पर्यटकांना वर नेते. सुमारे ३२ किलोमीटरमध्ये जवळजवळ २,९०० फुटांची चढण आहे. जाताना डावीकडची बाजू चांगली. शिखरावर प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात, त्यामुळे उजवीकडे जागा मिळाली तरी काळजी नको. डब्याच्या मागच्या उघड्या सज्जात उभं राहता येतं, तिथली हवा मात्र बोचरी असते. डेड हॉर्स गल्चपाशी गाडी हळू झाली. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. बैलजोडी विकताना त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं, हे मला आईनं सांगितलेलं आठवलं.

बुधवार : ग्लेशियर बे

या दिवशी जहाज कुठेही लागत नाही आणि तरी सगळ्या प्रवासातला हाच दिवस मोठा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते. तेव्हा बुकिंग करताना जहाज ‘ग्लेशियर बे’त जाणार आहे की दुसऱ्या एखाद्या हिमनदीकडे, हे नीट वाचा. किमतीपेक्षा या एका गोष्टीवर जहाज निवडा, असं मी सांगेन.

सकाळी एका छोट्या बोटीतून रेंजर आले आणि जहाज चालू असतानाच दोराच्या शिडीनं वर चढले. त्यांच्यासोबत हूना ट्लिंगिट या इथल्या मूळ रहिवासी समाजातली एक बाईही होती. ती बोलायला उभी राहिली तेव्हा आधी तिनं आपल्या कुळाची ओळख करून दिली, मग या पाण्याची. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि तिच्या पूर्वजांची गावं गिळत गेली. माणसं होड्यांतून निघाली आणि समुद्रापलीकडे हूनाला जाऊन राहिली. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूवरची माणसं इथून गेली तेव्हा आत यायला खाडी जवळजवळ नव्हतीच, समोर बर्फाची भिंत. तेव्हापासून बर्फ शंभर किलोमीटरहून जास्त मागे हटलाय. आज आमचं जहाज दिवसभर ज्या पाण्यावरून चाललं, ते सगळं तेव्हा बर्फ होतं. २०१६ साली तिच्या लोकांनी खाडीच्या तोंडाशी पुन्हा एकदा आपलं कुळघर उभारलं. ते सांगताना तिचा आवाज जरा कापला.

पाऊस नव्हता, पण हवा ओलसर आणि थंड. ऑगस्टमध्येसुद्धा आतून लोकरीचं, वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे हवेतच. जहाज बर्फापाशी पोचलं की गार वारा खालून अंगावर येतो. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी घ्या, एकच असली की भांडणं होतात. ८x४२ची पुरते. जास्त शक्तीची हलत्या जहाजावर थरथरते.

सकाळी समुद्री पाणमांजरं दिसू लागली, पाठीवर तरंगणारी, पोटावर शिंपले ठेवून फोडणारी. फरच्या व्यापारानं ही जात या किनाऱ्यावरून नाहीशी झाली होती. १९६०च्या दशकात काही पाणमांजरं दुसरीकडून आणून सोडली, आणि नव्वदच्या दशकात ती आपणहून या खाडीत पोचली. त्यांच्या अंगात देवमाशासारखी चरबी नाही, फक्त दाट फर. त्यामुळे थंडीत तग धरायला रोज स्वतःच्या वजनाच्या चौथाई खावं लागतं. एक मादी पिल्लाला पोटावर घेऊन आमच्या बाजूनं गेली. पिल्लू झोपलेलं, ती मात्र खात होती.

साउथ मार्बल बेटावर समुद्रसिंहांची आरडाओरड, पुढे किनाऱ्यावर खडकाखाली शिंपले उकरणारं तपकिरी अस्वल, मग दूधट हिरवं पाणी. हिमनदीनं दगड दळून केलेली बारीक भुकटी त्यात मिसळलेली असते.

मार्जरी हिमनदीसमोर कॅप्टननं जहाज थांबवलं. समोर सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर जवळपास २५० फूट उंच बर्फ. लहान जहाजाएवढा एखादा सुळका बाजूला झुकलेला, त्याच्या भेगांतून गडद निळा रंग. दाबानं घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो, म्हणून उरतो तो निळा. आधी बंदुकीसारखा बार ऐकू येतो. आवाजाकडे बघेपर्यंत कडा कोसळून गेलेला असतो, कारण आवाज उशिरा पोचतो. रेंजरनं सांगितलं, एकाच जागी नजर लावून ठेवा. आम्ही पाचही जणांनी कडा वाटून घेतला. सस्कॅचवनच्या आजोबांच्या वाटणीचा बुरूज तुटला. आधी पायथ्याशी चुरा ओघळला, मग अख्खा खांब उभाच्या उभा खाली गेला, पाणी उसळलं आणि काही वेळानं जहाज किंचित हललं.

माझं लक्ष तेव्हा किटिवेक नावाच्या छोट्या कुरवांकडे गेलं. बर्फ कोसळला की ते पळून जाण्याऐवजी शेकड्यांनी तिथेच झेपावत होते. हिमनदीच्या तळाशी वितळलेलं गोडं पाणी वर उसळतं आणि त्याबरोबर खोलातले बारीक जीव आणि मासे पृष्ठभागावर येतात. एवढ्या मोठ्या पडझडीच्या तोंडाशी त्यांचं ताट मांडलेलं होतं.

बाजूची जॉन्स हॉपकिन्स खाडी ऑगस्टअखेरपर्यंत क्रूझ जहाजांना बंद असते. तिथल्या तरंगत्या बर्फावर हार्बर सील पिल्लं वाढवतात. ती बंद असते याचं मला समाधान वाटलं.

गुरुवार : केचिकन

केचिकनला वर्षाला साधारण १५० इंच पाऊस पडतो. आम्ही उतरलो तेव्हा धो धो, दुपारी धो धो, निघतानाही तेच. गावातली माणसं छत्रीशिवाय रबरी बुटांत फिरतात. भोवतीचं टाँगस अरण्य अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय अरण्य आहे, आणि ते या पावसावरच उभं आहे.

सकाळी बसनं सॅक्समन या ट्लिंगिट गावात गेलो. तांबड्या सीडरच्या खांबांवर कोरलेले कावळे, गरुड, अस्वलं. शेडमध्ये एक कारागीर नवा खांब कोरत होता, लाकडाचा वास चंदनासारखा उग्र-गोड. माहिती देणाऱ्या मुलानं एका खांबाशी थांबवलं. वर बसलेला माणूस, नाक आणि कान लाल रंगवलेले. तो विल्यम सिवर्ड, अमेरिकेचा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री, ज्यानं १८६७ मध्ये देशासाठी रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतलं. १८६९ मध्ये तो अलास्कात आला, तेव्हा एका ट्लिंगिट प्रमुखानं त्याला मोठी मेजवानी आणि भेटी दिल्या. रीतीप्रमाणे त्यानं त्याची परतफेड करायची होती, ती त्यानं कधीच केली नाही. म्हणून हा लाज काढणारा खांब. “ऋण फिटेपर्यंत तो असाच राहणार,” तो मुलगा म्हणाला. बाबांनी अर्थ विचारला आणि मग त्या मुलाचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

दुपारी क्रीक स्ट्रीट. ओढ्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी घरं आणि लाकडी फळ्यांची वाट. खाली पाणी दिसत नव्हतं, पाठीच दिसत होत्या. पिंक सॅमन, हजारो. नरांच्या पाठीवर कुबड आलेलं, जबडे वाकडे झालेले, कल्ले फाटलेले. या सगळ्या प्रवासात न खाणारा हा एकच प्राणी पाहिला. समुद्रातून गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमनचं खाणं थांबतं. अंगात साठवलेल्या चरबीवर प्रवाह चढायचा, अंडी घालायची आणि मरायचं. ओढ्याच्या तोंडाशी भरतीबरोबर सील आत येऊन त्यांना टिपत होते, स्प्रूसच्या शेंड्यावर बाल्ड ईगल भिजत बसलेले, आणि पुलावर गळ टाकून गावातली पोरं. धबधब्याच्या जागी माशांसाठी सिमेंटची पायऱ्यापायऱ्यांची वाट केली आहे. एक मादी पहिल्याच पायरीवर पुन्हा पुन्हा आपटत होती. पोटाचं कातडं सोललेलं. आम्ही पावसात उभे राहून तिच्या नावानं ओरडत होतो, आणि ती चढली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईनं मला मिठी मारली.

पिंक सॅमनची ही चढाई साधारण जुलै-ऑगस्टमध्ये असते. मे-जूनमध्ये दिवस लांब आणि पाऊस त्या मानानं कमी, पण ओढे तेव्हा रिकामे असतात. प्राणी बघायचे असतील तर पावसाची तयारी ठेवून ऑगस्ट गाठा.

शुक्रवार : परतीच्या वाटेवर

दिवसभर धुकं. संध्याकाळी व्हँकूवर बेटाजवळच्या जॉनस्टोन सामुद्रधुनीत शिरलो. इथे रॉब्सन बाइट नावाचा राखीव पट्टा आहे. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, तिथे काठाजवळच्या गोल दगडगोट्यांवर अंग घासायला येतात, म्हणून १९८२ पासून तो त्यांच्यासाठी राखला आहे. जेवण सोडून वर या, असं आजींनी निरोप पाठवून बोलावलं. काळे उंच पंख, एकामागून एक. पुढे एक मोठी मादी, तिच्या कुशीला पिल्लू, आणि नराचा पंख माणसाच्या उंचीएवढा. इथला हा कुटुंबांचा समूह मासे खाऊनच जगतो, त्यातही मोठा चिनूक सॅमन त्यांचा आवडता. मुलगे-मुली जन्मभर आईसोबत राहतात, हे सांगितल्यावर बाबा मोठ्यानं हसले आणि आजोबांच्या पाठीवर थाप मारली.

रात्री सेमूर नॅरोज नावाचा अरुंद जलमार्ग ओलांडायचा होता. इथे भरती-ओहोटीचा ओढा इतका जोरकस असतो की पाणी थांबण्याची वेळ साधूनच जहाजं जातात. पूर्वी मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचे दोन सुळके होते आणि त्यांनी कितीतरी जहाजं बुडवली. १९५८ मध्ये बाजूच्या बेटावरून बोगदा खणून ते सुरुंगानं उडवले. आम्ही अंधारात डेकवर थांबलो होतो. दोन्ही काठांची झाडं अगदी जवळून सरकत गेली, आणि आजोबा बाबांना सांगत होते, की घरी पोचल्या पोचल्या आधी शेतात जाऊन मसुरीच्या शेंगा दाबून बघणार.